तारेच्या जाळीचें फाटक

कुंपण घालूं पाहणारा गृहस्थ बहुधा कुंपणाचाच विचार करतो. फाटकाचा विचार त्यास शेवटीं सुचतो. जाळी किती फूट लागेल, खांब किती लागतील, मजुरी काय पडेल याचा हिशेब कागदावर बारकाईनें मांडला जातो, आणि त्या हिशेबाच्या तळाशीं “एक फाटक” एवढे दोन शब्द लिहून पुढचें सारें वेल्डिंगच्या दुकानावर सोंपविलें जातें. वस्तुतः या दोहोंपैकीं कठीण काम फाटकाचें आहे. कुंपण एकदां ताणून उभें केलें कीं त्यास स्वस्थ उभें राहण्यापलीकडे कांहीं करावयाचें नसतें. फाटकास मात्र दिवसांतून वीस वेळां हलावें लागतें, आणि इतकें हलूनही त्यानें आपली जागा तिळभर सोडूं नये अशी अपेक्षा असते. दोनशें फूट कुंपण अगदीं निर्दोष असलें आणि त्यांतील चार फुटांचें फाटक नीट लागेनासें झालें, तर त्या घरास कुंपण नाहींच असें समजावें. शेळी कुंपणाची लांबी मोजीत बसत नाहीं; तिला एक फट पुरते.

ही गोष्ट सुरगाण्यासारख्या ठिकाणीं जितकी स्पष्ट दिसते तितकी मोठ्या शहरांत दिसत नाहीं. सुरगाणा हें नाशिक जिल्ह्याच्या वायव्य बाजूच्या, गुजरातच्या सीमेलगतच्या तालुक्याचें मुख्य गांव. नाशिकाहून तें सुमारें ९० किलोमीटर दूर आहे. १९४८ पर्यंत हें एक लहानसें संस्थान होतें. मुलूख सारा सह्याद्रीच्या डोंगररांगांचा. नार, पार आणि अंबिका या नद्या याच डोंगराळ प्रदेशांतून पश्चिमेकडे वाहत जातात. पावसाळ्यांत येथें मुसळधार पाऊस पडतो, आणि तोच पाऊस उतारावरून वाहून गेल्यावर चैत्र-वैशाखांत कित्येक पाड्यांवर पिण्याच्या पाण्यासाठीं दूरवर पायपीट करावी लागते. लोकवस्ती मुख्यतः कोकणा, वारली, कोळी इत्यादि आदिवासी समाजांची, आणि जुनीं पिकें म्हणजे भात, नागली, वरई व उडीद.

अशा मुलुखांत कुंपण ही नवी गोष्ट नव्हे. बांबूच्या कामट्या, कारवीच्या काठ्या आणि काटेरी फांद्या रोवून परसाभोंवतीं कुंपण करण्याची रीत फार जुनी आहे. त्याच्या वाटेवर बिजागरीचें फाटक सहसा नसे. दोन बाजूंस दोन जाड मेढी पुरून त्यांत आडवे बांबू सरकवीत, किंवा कामट्यांचा झांप उभा करून तो दोरीनें बांधून टाकीत. या साध्या योजनेंत एक मोठा गुण होता. तिचें वजन कोणत्याही एका मेढीवर लोंबकळत नसे. आडव्या बांबूचीं दोन्ही टोंकें दोन मेढींवर टेकत, आणि झांप जमिनीवरच उभा राही. दोष म्हटला तर एवढाच कीं, हें सर्व काम दरवर्षीं नव्यानें करावें लागे. पैसा लागत नसे; घरच्या माणसांचे दिवस मात्र लागत.

तरीही तें परवडे, कारण कुंपणाची गरज मुख्यतः पावसाळी पिकापुरती असे. पीक खळ्यावर गेलें कीं गुरें-शेळ्या चरावयास मोकळ्या सुटत आणि कुंपण मोडकळीस आलें तरी कोणाचें बिघडत नसे. अलीकडे हा क्रम बदलला आहे. तालुक्याच्या बोरगांव-हतगड भागांत स्ट्रॉबेरीची लागवड होऊं लागली, आणि हें पीक नेमकें हिवाळ्यांत, म्हणजे गुरें मोकळीं असण्याच्या दिवसांत, फळास येतें. गांवांतही परसांत बारमाही भाजी करणारीं, आंब्या-काजूचीं चार कलमें लावणारीं घरें वाढलीं आहेत. दोन वर्षांचें कलम शेळीनें एकदां शेंड्यापासून खाल्लें म्हणजे दोन वर्षें गेलींच. अर्थात् कुंपण चार महिन्यांचें न राहतां बारा महिन्यांचें झालें, आणि काटेरी फांद्यांची जागा तारेच्या जाळीनें घेतली.

ही जाळी कशी बनते तें समजल्यावांचून तिच्या फाटकाचें काम नीट समजणार नाहीं. बाजारांत तिला ‘चेनलिंक’ म्हणतात. तिची वीण दोऱ्याच्या जाळ्यासारखी गांठींची नसते. एक तार नागमोडी वळवितात. तिच्या प्रत्येक वळणांत दुसरी तशीच तार फिरवून गुंतवितात. दुसरींत तिसरी, याप्रमाणें हवी तेवढी लांबी होते. विणण्याच्या कलेशीं या धंद्याचें नातें जवळचें आहे. कापडाच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडांतील नॉर्विच शहरीं चार्ल्स बर्नार्ड यानें १८४४ च्या सुमारास कापडाच्या मागावरून कल्पना घेऊन तारेची जाळी विणण्याचें यंत्र बनविलें. तारेला गंजापासून वांचविणारी जस्ताच्या मुलाम्याची रीत त्याच्या थोडी आधींची. तिचें पेटंट १८३७ मध्यें फ्रान्समध्यें स्तानिस्ला सोरेल यानें घेतलें. जस्त लोखंडास नुसतें झांकीत नाहीं. ओरखडा पडला तरी लोखंडाच्या आधीं स्वतः झिजतें, आणि तें शिल्लक असेपर्यंत लोखंड वांचतें.

जाळी विकत घेतांना तारेच्या नंबरासंबंधीं घोटाळा होण्याचा संभव असतो. नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. ८ नंबरची तार सुमारें ४ मिलिमीटर, १० नंबरची ३.२५ मिलिमीटर आणि १२ नंबरची २.६४ मिलिमीटर जाड असते. फरक डोळ्यांस थोडा वाटतो. परंतु १० नंबरच्या तारेंत १२ नंबरच्या तारेच्या दीडपट लोखंड असतें. परसबागेच्या कुंपणास दोन इंची घराची, १० नंबरच्या तारेची जाळी चांगली. घर मोठें असल्यास पैसा वांचतो. परंतु कोंबडीचीं पिलें त्यांतून सहज जातात आणि शेळीचें तोंड आंत पोंचतें. माकडांस मात्र यांपैकीं कोणतीच जाळी अडवीत नाहीं, हें आधींच जाणून असावें.

या विणीचा एक परिणाम असा कीं, जाळीला स्वतःचा ताठरपणा नसतो. गुंडाळी उलगडून उभी धरली तर ती खालीं बसते. तिला उभें ठेवणारी गोष्ट म्हणजे ताण. दोन टोंकांच्या खांबांमध्यें ती ओढून धरली म्हणजेच तिचें कुंपण होतें, आणि ही ओढ त्या टोंकांच्या खांबांस रात्रंदिवस सोसावी लागते. आतां फाटक जेथें येतें तेथें जाळी संपते. म्हणून फाटकाचे दोन्ही खांब हे टोंकाचेच खांब होत. मधल्या खांबांसारखे ते नव्हेत. त्यांना कुंपणाच्या बाजूनें तिरपा टेकू न दिला तर पहिल्याच पावसाळ्यांत त्यांचे माथे कुंपणाकडे झुकतात, मधलें अंतर वरच्या अंगास वाढतें, आणि कडी कोयंड्यापर्यंत पोंचेनाशी होते.

याखेरीज बिजागरीच्या खांबावर फाटकाचें वजन असतें. तें किती, याचा अंदाज थोड्याशा गणितानें येतो. समजा, नळीच्या चौकटीवर जाळी बसविलेलें १२० सेंटिमीटर रुंदीचें एक फाटक २० किलो वजनाचें आहे आणि त्याच्या दोन बिजागऱ्यांमध्यें १०० सेंटिमीटर अंतर आहे. वजनाचा मध्य खांबापासून ६० सेंटिमीटरवर येतो. २० ला ६० नें गुणून १०० नें भागलें म्हणजे १२ येतात. वरच्या बिजागरीवर आडवी ओढ १२ किलोंची. आतां हेंच फाटक दुप्पट रुंद केलें, तर वजन सुमारें ४० किलो होईल आणि वजनाचा मध्य १२० सेंटिमीटरवर जाईल. म्हणजे ओढ ४८ किलो. रुंदी दुप्पट, पण ओढ चौपट. म्हणून दहा फुटांची वाट हवी असल्यास दहा फुटांचें एक फाटक करण्यापेक्षां पांच-पांच फुटांच्या दोन झडपा कराव्या हें उत्तम.

याच गणितानें आणखी एक गोष्ट कळते. २० किलो वजनाचें मूल त्या चार फुटी फाटकाच्या मोकळ्या टोंकास लोंबकळून झोंके घेऊं लागलें, तर एकट्या मुलाची ओढ २४ किलो होते. फाटकाची स्वतःची १२ धरून एकूण ३६. म्हणजे नेहमींच्या तिप्पट. मुलें फाटकावर झोंके घेणार हें गृहीत धरूनच खांब पुरावा. मुलांना रागावणें हा खांबाच्या पायास पर्याय नव्हे.

येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. फाटक मिटलेलें असतां त्याचें वजन बिजागरीच्या खांबाच्या माथ्यास फाटकाकडे ओढतें, आणि जाळीचा ताण त्याच माथ्यास उलट दिशेला, कुंपणाकडे, ओढतो. दोन्ही ओढी कांहीं अंशीं एकमेकींस मारक होतात आणि खांब त्यांच्यामध्यें बरा उभा राहतो. फाटक आंतल्या बाजूस काटकोनांत उघडून ठेवलें म्हणजे ती ओढ आडव्या दिशेची होते आणि तिला तोलून धरणारें तेथें कांहीं नसतें. फाटक पुरें मागें फिरवून कुंपणास टेकवून ठेवण्याची संवय तर याहूनही वाईट. कारण तेव्हां वजन आणि ताण एकाच दिशेनें ओढूं लागतात. उघडें फाटक गुरांना आंत घेतें तें तर उघडच आहे. परंतु तें आपला खांबही हळूहळू पाडीत असतें, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. यावर सोपा उपाय असा : कडीच्या खांबावर एक लोखंडी टेकू बसवावा, म्हणजे मिटलेल्या फाटकाचें टोंक त्यावर विसांवेल. जुन्या आडव्या बांबूंचा जो गुण, तोच येथें परत मिळतो.

आतां खांब पुरण्याविषयीं. सुरगाण्याच्या वरकस जमिनींत मातीचा थर पातळ असतो आणि खालीं लवकरच मुरूम किंवा खडक लागतो. दिंडोरी-निफाडकडील काळी जमीन याच्या उलट. ती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि उथळ पुरलेल्या खांबास दरवर्षीं थोडें थोडें हलविते. डोंगराळ जमीन फुगत नाहीं. परंतु सतत भिजून तिची पकड सैल होते, आणि उताराच्या बाजूची माती खांबाच्या पायापासून धुपून जाते. म्हणून दोन्हीकडे नियम एकच : वरचा मातीचा थर हा आधार मानूं नये. खांबाच्या एकूण लांबीचा तिसरा हिस्सा जमिनींत असावा. जमिनीवर पांच फूट हवे असल्यास साडेसात फुटांचा खांब घेऊन अडीच फूट पुरावा. कडीच्या खांबास दोन इंची नळी चालते. बिजागरीच्या खांबास अडीच इंची घ्यावी. नळी घेतांना तिच्यावरील रंगाचा पट्टा पाहावा : पिवळा पट्टा हलक्या, निळा मध्यम आणि तांबडा जड प्रतीच्या नळीचा. फाटकाच्या खांबास निदान निळ्या पट्ट्याची नळी असावी.

कामाचा हंगामही विचारपूर्वक निवडला पाहिजे. पावसाळ्यांत खड्ड्यांत पाणी भरतें आणि उन्हाळ्यांत जमीन पहारीस दाद देत नाहीं. शिवाय सिमेंटच्या कामास नंतर आठवडाभर पाणी द्यावें लागतें. ज्या गांवीं वैशाखांत प्यावयास पाणी पुरत नाहीं, तेथें तें खांबाच्या पायावर कोण ओतणार? दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ या कामास सर्वांत चांगला. माती अजून मऊ असते आणि विहिरींस पाणी असतें.

खड्डा फूट-सवा फूट रुंदीचा घ्यावा, आणि तो तोंडाशीं अरुंद व तळाशीं रुंद असावा. बहुतेक मजूर याच्या उलट, कढईसारखा, खड्डा खणतात. त्यांतील काँक्रीटचा गोळा ओल्या मातींतून डुलण्यास सोपा जातो. तळाशीं चार बोटें खडी पसरून त्यावर नळी टेकवावी, म्हणजे आंत शिरलेलें पाणी निघून जाईल. वरचें तोंड टोपी बसवून बंद करावें. काँक्रीट एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी या प्रमाणाचें पुरेसें होतें; पाणी बेतानें घालावें. पहारीनें तें चांगलें ठोंसून घ्यावें, आणि माथा जमिनीपेक्षां दोन बोटें उंच ठेवून चहूंबाजूंनीं उतरता करावा, म्हणजे पाणी नळीच्या बुंध्याशीं सांचणार नाहीं. नळी गंजते ती नेहमीं याच ठिकाणीं.

काँक्रीट ओलें असतांनाच ओळंबा लावून दोन्ही खांब दोन्ही बाजूंनीं तपासावे. एकाच बाजूनें सरळ दिसणारा खांब सरळ असतोच असें नाहीं. दोन खांबांमधील अंतर फाटकाच्या रुंदीपेक्षां सुमारें तीन इंच अधिक असावें. बिजागरी आणि कडी यांची जागा त्यांतच निघते. हें अंतर पायाशीं आणि माथ्याशीं सारखें राहावें म्हणून त्याच मापाच्या दोन फळ्या कापून खांबांमध्यें खालींवर बांधून ठेवाव्या. या ठिकाणीं जुन्या घरांतील उंबरठ्याची आठवण उपयोगी पडते. दाराच्या चौकटीला खालची बाजू होती म्हणूनच तिचे उभे खांब वर्षानुवर्षें जागीं राहत. फाटकाच्या दोन पायांमध्यें जमिनीच्या पातळीस नऊ इंच रुंद व तितकाच खोल असा काँक्रीटचा पट्टा, आंत दोन सळया घालून, एकसंध ओतला तर तो उंबरठ्याचेंच काम करतो : एक खांब झुकूं लागला कीं दुसरा त्यास आवरतो. खर्च थोडा, आणि फाटकाखालीं चिखल होत नाहीं हा वर फायदा. यानंतर निदान सात दिवस पाणी देत राहावें व तोंपर्यंत फाटक टांगूं नये. तिसऱ्या दिवशीं टांगलेलें फाटक त्या दिवशीं सुरेखच दिसतें; त्याचा परिणाम पुढच्या आषाढांत दिसतो.

चौकटीच्या बाबतींत बहुतेकांची समजूत अशी असते कीं, चार नळ्या काटकोनांत जोडल्या म्हणजे चौकट पक्की झाली. परंतु चौकोन हा स्वभावतःच कलता असतो. बाजूंची लांबी न बदलतां तो तिरका होऊं शकतो. त्रिकोण तसा होऊं शकत नाहीं. म्हणून फाटकास तिरपा आडणा हवाच, आणि तो कोणत्या दिशेनें घालावा हें महत्त्वाचें आहे. आडणा नळीचा किंवा लांकडाचा असेल, तर तो बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यापासून कडीकडील वरच्या कोपऱ्यापर्यंत असावा. मग फाटकाचें वजन त्यास दाबतें आणि तो खांबाच्या पायाकडे रेटा देतो. आडणा तारेचा किंवा बारीक सळईचा असेल, तर बरोबर उलट : बिजागरीकडील वरच्या कोपऱ्यापासून कडीकडील खालच्या कोपऱ्यापर्यंत, कारण तार ओढ सोसते, दाब सोसत नाहीं. तारेचा आडणा चुकीच्या दिशेनें लावला तर तो केवळ शोभेचा होतो. जाळीनें चौकटीस बळकटी येईल ही आशाही व्यर्थ आहे. तिचीं घरें चौकटीबरोबरच तिरकीं होतात.

चौकट वेल्डिंगच्या दुकानांत होते. जस्ताचा मुलामा असलेली नळी जोडतांना तेथील जस्त जळतें व पांढरा धूर निघतो. तो छातींत गेल्यास कारागिरास ताप भरतो. म्हणून हें काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करतां, धूर बाजूला जाईल अशा बेतानें करावें आणि मुलांना तेथें उभें राहूं देऊं नये. जोड थंड झाला कीं तेथील काजळी घासून जस्ताचा रंग दोन हात द्यावा. नाहीं तर गंजाची सुरुवात त्याच जागेपासून होते. जाळी मात्र चौकटीस वेल्डिंगनें चिकटवूं नये. काम झटपट होतें खरें. परंतु प्रत्येक टांक्याशीं मुलामा जळतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत जाळी तेथूनच तुटूं लागते.

योग्य रीत अशी. जाळी कापावयाची असेल तेथें पक्कडीनें पंधरा तारा तोडण्याची गरज नसते. एकाच उभ्या तारेचें वरचें व खालचें टोंक सोडवून ती पिळाप्रमाणें फिरवीत वर काढली कीं जाळीचे दोन सरळ तुकडे होतात. दोन तुकडे जोडावयाचे असल्यास तीच तार पुन्हां फिरवीत आंत घालावी. जोड दिसतही नाहीं. तुकड्याच्या टोंकाच्या घरांतून वरपासून खालपर्यंत एक सळई ओंवून ती चौकटीच्या उभ्या नळीस पट्ट्यांनीं आवळावी, मग दुसऱ्या बाजूनें जाळी ओढून तशीच सळई आवळावी. वर आणि खालीं फूट-फूट अंतरावर जस्ती तारेचे वेढे द्यावे. वेढ्यांचीं टोंकें आंतल्या बाजूस मुडपावीं. नाहीं तर पदर, सदरा आणि मुलांचे हात यांची गांठ त्यांच्याशीं पडत राहते.

फाटक टांगतांना खालच्या बिजागरीचा खुंट वर तोंड करून आणि वरच्या बिजागरीचा खुंट खालीं तोंड करून बसवावा. दोन्ही खुंट वर तोंड केलेले असले, तर म्हैस शिंगानें किंवा चोर हातानें फाटक सरळ उचलून बाजूला ठेवूं शकतो. फाटक आंतल्या बाजूस उघडावें, रस्त्यावर नव्हे. आंत चढ असेल तर उघडतांना खालची नळी जमिनीस घासेल. तेव्हां बिजागरी उताराकडील खांबावर घेऊन पाहावी, किंवा आंतील जमीन पावलापुरती खणून सपाट करावी. फाटक उंच टांगून हा प्रश्न सोडविला तर खालून कोंबड्या व कुत्रीं ये-जा करूं लागतात. जमिनीपासून तीन-चार बोटें एवढेंच अंतर योग्य.

धातूच्या कुंपणासंबंधीं एक धोका असा आहे कीं, त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्यास जिवावर बेततें. जाळी, खांब आणि फाटक हीं सर्व मिळून एकच लांबलचक वीजवाहक वस्तु होते. घरास येणारी विजेची तार वाऱ्यापावसांत झिजून एका ठिकाणीं जाळीस लागली, तर दुसऱ्या टोंकास ओल्या जमिनीवर उभें राहून कडी काढणाऱ्यास धक्का बसूं शकतो. म्हणून विजेची तार कुंपणावरून नेऊं नये, दिवा किंवा घंटी फाटकाच्या खांबावर नुसत्या उघड्या तारेनें लावूं नये, आणि कुंपण जाणत्या वीजकामगाराकडून जमिनीशीं जोडून घ्यावें. रानडुकरांच्या भीतीनें घरांतील वीज कुंपणांत सोडणें हें तर मनुष्यवधासच आमंत्रण होय. त्यांत गुरें मरतात, आणि पहांटे पाण्यास निघालेलीं माणसेंही मरतात.

शेवटीं फाटकाच्या जागेविषयीं. काटेरी कुंपण दरवर्षीं नवें होई, त्यामुळें शेजाऱ्याची तक्रार असली तर पुढच्या वर्षीं तें हातभर मागेंपुढें सरे. काँक्रीटांत पुरलेला खांब सरकत नाहीं. ज्या वाटेनें लोक पिढ्यान्पिढ्या विहिरीकडे किंवा शेताकडे जात आले ती वाट जाळीनें बंद झाली, तर भांडण तालुक्याच्या कचेरींत जातें. शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यांतील अडथळा दूर करविण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानें मामलेदारास, म्हणजे आजच्या तहसिलदारास, दिला. आणि शेजारच्या शेतांच्या बांधावरून मार्ग मिळण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ मध्यें आहे. अर्थात् खड्डे खणण्यापूर्वीं मोजणीचा नकाशा पाहावा आणि शेजाऱ्यास बोलावून सुतळी त्याच्या देखत धरावी. जुनी पायवाट मध्यें येत असेल, तर तेथें एक लहानसें दुसरें फाटक ठेवणें हें खटल्यापेक्षां फार स्वस्त पडतें. पावसाच्या पाण्याची वाटही अशीच मोकळी ठेवावी; उतारावरील पाणी जाळीशीं अडलें कीं पाल्यापाचोळ्याचा बांध होतो आणि कुंपण व शेजाऱ्याचा वाफा दोन्ही एकदमच जातात.

एवढें झाल्यावर फाटकाची निगा थोडी आहे. मृग लागण्यापूर्वीं बिजागऱ्यांस तेल द्यावें, जस्ताचा रंग जेथें उडाला असेल तेथें पुन्हां लावावा. आणि दसऱ्याच्या सुमारास खांबाच्या पायाशीं धुपलेली माती भरून ठोंसून घ्यावी. खांब सरळ आहे कीं नाहीं हें पाहण्यास दरवेळीं ओळंब्याची जरूर नसते. फाटक अर्धें उघडून हात काढून घ्यावा. तें जेथें सोडलें तेथेंच उभें राहिलें तर दोन्ही बिजागऱ्या एका ओळंब्यांत आहेत. तें आपोआप एखाद्या बाजूस फिरूं लागलें, तर खांब त्या बाजूकडे कलला आहे असें समजावें, आणि कडी लागत असतांनाच, म्हणजे दुरुस्ती एका टेकूवर भागण्यासारखी असतांनाच, ती करून घ्यावी. कडी लागेनाशी झाली कीं घरांतील माणसें फाटक दोरीनें बांधूं लागतात. कांहीं दिवसांनीं दोरी बांधण्याचाही कंटाळा येतो. आणि मग दोनशें फूट जाळी, पंचवीस खांब व त्यांच्यासाठीं मोजलेला सर्व पैसा जागच्या जागीं असूनही आंतील वाफे एका रात्रींत मोकळे होतात.